पुढच्या अंकाचे भाकीत : अमेरिकी कॉमिक्समधील एका वाचकप्रथेचा इतिहास

अमेरिकेतील सुपरहिरो कॉमिक्समध्ये ब्रह्मांडीय कथांचा एक स्वतंत्र प्रवाह आहे. एखाद्या शहरातील गुन्हेगारांशी झुंजणाऱ्या नायकाऐवजी या कथांत ग्रह गिळणाऱ्या शक्ती, ताऱ्यांची साम्राज्ये, समांतर पृथ्व्या आणि साक्षात मृत्यूवर अनुरक्त झालेला थॅनॉससारखा खलनायक असतो. या कथा दशकानुदशके क्रमशः चालत असल्यामुळे आणि एका मालिकेतील घटनेचे पडसाद दुसऱ्या मालिकेत उमटत असल्यामुळे पुढे काय होणार याचा तर्क लढवणे हा त्यांच्या वाचनाचाच एक भाग होऊन बसला. या प्रथेचा मागोवा घेतला असता असे दिसते की या कथाविश्वांच्या जडणघडणीत लेखक-चित्रकारांइतकाच तर्क लढवणाऱ्या वाचकांचाही हात आहे, आणि त्यांतील कित्येक वाचक पुढे स्वतःच लेखकाच्या किंवा संपादकाच्या खुर्चीत बसले.

प्रथेचे मूळ कॉमिक्सच्याही आधीच्या काळात सापडते. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी १९२६ साली 'अमेझिंग स्टोरीज' हे विज्ञानकथांचे मासिक सुरू केले आणि त्याच्या पत्रव्यवहाराच्या सदरात पत्रलेखकांचे पूर्ण पत्ते छापायला सुरुवात केली. दूरदूरच्या गावांत एकेकटे वाचणारे तरुण त्यामुळे एकमेकांना थेट पत्रे लिहू लागले आणि त्यातूनच 'फॅनझिन' जन्माला आले. फॅनझिन म्हणजे वाचकांनी पदरमोड करून, हाताने चालवायच्या यंत्रावर छापून आपापसांत वाटलेले छोटे नियतकालिक. १९३२ साली निघालेल्या 'द टाइम ट्रॅव्हलर' या अशा आरंभीच्या फॅनझिनमागे ज्यूलियस श्वार्ट्झ आणि मॉर्ट वायसिंगर हे दोन तरुण होते. हे दोघेही पुढे डीसी कॉमिक्सचे संपादक झाले. वायसिंगर यांच्याकडे सुपरमॅन आला, तर श्वार्ट्झ यांनी १९५६ साली 'फ्लॅश'ला आणि १९५९ साली 'ग्रीन लँटर्न'ला नव्या रूपात आणले. जुन्या ग्रीन लँटर्नची अंगठी जादूची होती. नव्याची अंगठी ओआ नावाच्या ग्रहावरील संरक्षकांनी दिलेली आणि तो स्वतः अंतराळभर पसरलेल्या एका पोलीसदलाचा शिपाई होता. तरुणपणी विज्ञानकथांच्या मासिकांत जे वाचले तेच श्वार्ट्झ यांनी कॉमिक्समध्ये आणले, आणि त्याबरोबर पूर्ण पत्ता छापण्याची पद्धतही आणली. उत्तम पत्र लिहिणाऱ्याला ते अंकाची मूळ चित्रे भेट म्हणून पाठवत. वाचकाने नुसते कौतुक न करता कथेची चिकित्सा करावी, अशी त्यांची अपेक्षा यातून स्पष्ट होते.

या पत्त्यांच्या आधारे १९६१ साली संघटित वाचकवर्ग उभा राहिला. डेट्रॉइटमधील प्राध्यापक जेरी बेल्स यांनी त्या वर्षी रॉय थॉमस या तरुण पत्रमित्राच्या साहाय्याने 'ऑल्टर-ईगो' हे फॅनझिन काढले. परंतु या इतिहासाच्या दृष्टीने त्यांचे 'ऑन द ड्रॉइंग बोर्ड' हे छोटे पत्रक अधिक महत्त्वाचे आहे. आगामी अंकांत काय येणार आहे याची संपादकांकडून मिळवलेली माहिती त्यात छापली जाई. वाचकांच्या अंदाजांना प्रत्यक्ष बातमीचे खाद्य नियमितपणे मिळू लागले ते येथून. त्याच वर्षी 'फ्लॅश'च्या १२३व्या अंकात गार्डनर फॉक्स आणि कार्माइन इन्फँटिनो यांनी असे दाखवले की १९४०च्या दशकातील जुना फ्लॅश दुसऱ्याच एका पृथ्वीवर राहतो. जुन्या कथा खोट्या ठरवायच्या नसतील तर त्यांच्यासाठी वेगळे विश्व मानावे लागते, हे एकदा मान्य झाल्यावर प्रत्येक जुन्या पात्राच्या पुनरागमनाचा तर्क करणे वाचकांना शक्य झाले. रॉय थॉमस १९६५ साली मार्व्हलमध्ये दाखल झाले आणि १९७२ साली स्टॅन ली यांच्यानंतर तेथील मुख्य संपादक झाले.

मार्व्हलच्या ब्रह्मांडीय कथांचा पाया स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी 'फँटॅस्टिक फोर'च्या ४८ ते ५० या अंकांत, १९६६ साली, घातला असे मानले जाते. ग्रहांची ऊर्जा खाऊन जगणारा गॅलॅक्टस आणि त्याचा दूत सिल्व्हर सर्फर यांचे आगमन या तीन अंकांत होते. ली यांनी सांगितलेल्या कथासूत्रात सर्फर नव्हता. एवढ्या बलाढ्य शक्तीला एखादा दूत असायला हवा म्हणून कर्बी यांनी तो चित्रे काढताना घातला. कथेच्या शेवटी सर्फर पृथ्वीवर अडकून पडतो, आणि तो कोण, कुठून आला, परत कधी जाणार हे प्रश्न वाचकांच्या हाती उरतात. त्यांतील पहिल्या दोहोंचे उत्तर १९६८ साली त्याच्या स्वतंत्र मालिकेने दिले.

तथापि भविष्यकथनाची ही आवड सर्वांत खोलवर गेली ती डीसीच्या 'लीजन ऑफ सुपरहिरोज'मध्ये. १९५८ साली अवतरलेली ही तिसाव्या शतकातील तरुण वीरांची टोळी. तिच्यासाठी नवे वीर वाचकांनी सुचवावेत, तिचा नेता वाचकांनी पत्राने मत देऊन निवडावा, असा रिवाज हळूहळू पडत गेला. पिट्सबर्गच्या जिम शूटर या मुलाने तर सुचवण्यापुरते न थांबता कथाच लिहून वायसिंगर यांच्याकडे पाठवल्या आणि १९६६ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, त्याची कथा 'अॅडव्हेंचर कॉमिक्स'मध्ये छापून आली. पुढच्याच वर्षी ३५४व्या अंकात शूटरने असे काही केले की ज्याला या व्यवसायात तोपर्यंत तोड नव्हती. त्याने लीजनचे प्रौढपण दाखवले: कोणाचे कोणाशी लग्न झाले हे सांगितले आणि धारातीर्थी पडलेल्या वीरांच्या पुतळ्यांचे एक दालन दाखवले. त्या पुतळ्यांत केमिकल किंग नावाचा एक वीर होता, आणि सातवे महायुद्ध टाळताना त्याने प्राण दिले अशी त्याची नोंद होती. वाचकांच्या लेखी हा वीर तोवर अस्तित्वातच नव्हता. तो प्रत्यक्ष कथेत आला १९६८ साली, आणि त्या क्षणापासून तो मरणार, कशासाठी मरणार, हे प्रत्येक जाणत्या वाचकाला ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते एवढेच की कधी आणि कसा. ही प्रतीक्षा जवळजवळ नऊ वर्षे चालली. १९७७ साली 'सुपरबॉय'च्या २२८व्या अंकात पॉल लेव्हिट्झ यांनी ते भाकीत खरे केले. लेव्हिट्झ हेही फॅनझिनवाले. आगामी अंकांच्या बातम्या देणारे बेल्स यांचे पत्रक 'द कॉमिक रीडर' या नावाने पुढे चालू राहिले, तेच त्यांनी किशोरवयात चालवले होते. एका मुलाने मांडलेले भविष्य त्याच परंपरेत वाढलेल्या दुसऱ्या तरुणाने दहा वर्षांनी पूर्ण करावे, यात या प्रथेचे उत्तम रूप दिसते. शेवट आधी कळल्यामुळे कथेचे काही बिघडले नाही. उलट त्या पात्राच्या प्रत्येक प्रसंगाला एक गांभीर्य आले.

वाचकाचा तर्क जसाच्या तसा कथेत उतरल्याचे उदाहरण मार्व्हलच्या 'एक्स-मेन'मध्ये मिळते. या मालिकेत जीन ग्रे ही नायिका १९७६ साली न्यूयॉर्कच्या जमेका बे या खाडीत कोसळलेल्या अंतराळयानातून 'फिनिक्स' या अफाट शक्तीच्या रूपात बाहेर येते. १९८० साली, क्रिस क्लेअरमाँट आणि जॉन बर्न यांच्या कथेत, ती भान हरपून एक तारा गिळते आणि त्याभोवतीच्या ग्रहावरील पाच अब्ज जीव मरतात. मूळ योजनेत तिची शक्ती काढून घेऊन तिला जिवंत ठेवायचे होते. परंतु एवढ्या संहारानंतर ती शिक्षेवाचून सुटणे मुख्य संपादकांना मान्य नव्हते, आणि हे मुख्य संपादक म्हणजे लीजनवाले जिम शूटरच. १३७व्या अंकात चंद्रावर जीनने स्वतःचा अंत करून घेतला. आता तिला परत आणायचे तर त्या संहाराचा डाग तिच्यावर राहता कामा नये, असा पेच निर्माण झाला. तो सोडवला कर्ट ब्युसिएक या तेव्हा अजून व्यवसायात न आलेल्या वाचकाने. खाडीतून बाहेर आली ती जीन नव्हतीच, तिचे रूप घेतलेली ती स्वतंत्र शक्ती होती आणि खरी जीन खाडीच्या तळाशी एका कोषात निद्रिस्त आहे, असा त्याचा तर्क होता. त्याने तो लेखक रॉजर स्टर्न यांना सांगितला, स्टर्न यांनी बर्न यांना सांगितला, आणि १९८६ साली 'अॅव्हेंजर्स'च्या २६३व्या व 'फँटॅस्टिक फोर'च्या २८६व्या अंकांत जीन याच मार्गाने परतली. या खुलाशामुळे १९८०च्या कथेतील त्यागाची धार बोथट झाली, हा अनेक जुन्या वाचकांचा आक्षेप रास्त आहे. पण जुन्या अंकांतील एकही चित्र न बदलता अर्थ बदलण्याचे ते कसब निर्विवाद आहे. ब्युसिएक पुढे स्वतः 'अॅव्हेंजर्स'चे लेखक झाले.

एखादे पत्र किती दूर जाऊ शकते याचे मोठे उदाहरण डीसीकडे आहे. 'ग्रीन लँटर्न'मध्ये एका पात्राने नायकाला ओळखले नाही, वास्तविक तीनच वर्षांपूर्वी ते दोघे भेटले होते, अशी चूक एका वाचकाने १९८०च्या दशकाच्या आरंभी पत्राने दाखवून दिली. त्या निमित्ताने लेखक मार्व्ह वुल्फमन यांच्या मनात साऱ्या कथाविश्वाची घडी नव्याने बसवण्याचा विचार बळावला. तरुणपणी त्यांनीही फॅनझिने काढली होती. त्या विचारातून जॉर्ज पेरेझ यांच्या चित्रांसह १९८५-८६मध्ये 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' ही बारा अंकांची मालिका आली आणि १९६१पासून वाढत गेलेल्या समांतर पृथ्व्या एकीत विलीन झाल्या.

जिम स्टार्लिन यांचा थॅनॉस हा या तुलनेत एकट्या लेखकाच्या चिकाटीचा विषय आहे. १९७३ साली 'आयर्न मॅन'च्या ५५व्या अंकात आलेला हा खलनायक १९७७ साली स्टार्लिन यांनीच संपवला, १९९० साली 'सिल्व्हर सर्फर'मध्ये परत आणला आणि १९९१ साली 'इन्फिनिटी गाँटलेट'मध्ये त्याच्या हाती विश्वाची सत्ता दिली. चित्रपटांनी २०१८ आणि २०१९ साली जे जगभर नेले त्याचे बीज या कथांत आहे.

त्याच १९९१ साली डीसीने भविष्यालाच मध्यवर्ती ठेवून 'आर्मगेडन २००१' ही योजना आखली. २०३० सालच्या जगावर मोनार्क नावाचा हुकूमशहा राज्य करतो आणि तो पूर्वी एक सुपरहिरो होता. कोणता, हे शोधण्यासाठी वेव्हरायडर नावाचा कालप्रवासी भूतकाळात येऊन एकेका नायकाचे संभाव्य भविष्य पाहतो. त्या उन्हाळ्यातील वार्षिकांक याच शोधाला वाहिलेले होते, म्हणजे प्रकाशकाने वाचकांना तर्क लढवण्याचे जाहीर निमंत्रणच दिले होते. मोनार्क हा कॅप्टन अॅटम असणार हे ठरलेले होते, मात्र ते गुपित शेवटच्या अंकाआधीच फुटले. तेव्हा संपादकांनी ऐनवेळी शेवट बदलून हॉक या पात्राला मोनार्क केले. आधी पेरलेल्या खुणांशी हा शेवट जुळला नाही, आणि ज्यांनी खुणा नीट वाचल्या होत्या त्यांचीच फसगत झाली. योग्य तर्काला चुकवण्यासाठी कथेचा तोल बिघडवणे ही संपादकीय चूक होती. २००७ साली 'काउंटडाउन' या मालिकेत मोनार्कच्या चिलखतातून पुढे आला तो कॅप्टन अॅटमच.