ग्रेगचा गोलंदाज

सॉफ्टवेअरच्या धंद्यात वीस वर्षे काढल्यावर माणसाला आकड्यांचा नाद लागतो. अल ऐनच्या उन्हाळ्यात बाहेर पाऊल टाकवत नाही, तेव्हा मी जुन्या इंग्लिश काउंटी क्रिकेटचे धावफलक वाचत बसतो. असाच १९०१ च्या मोसमात हॅम्पशायरचा नवा फलंदाज भेटला: कॅप्टन जॉन ग्लेनी ग्रेग, लँकाशायरविरुद्ध नाबाद २४९! आल्या आल्या अशा धावा काढणारा हा गडी तयार झाला कुठे?

आपल्या पुण्यात. १८९० नंतरच्या दशकात तो तिथल्या युरोपियन क्लबात खेळे. ‘जंगली’ ग्रेग हे त्याचे टोपणनाव. जॉन ग्लेनीचा तो अपभ्रंश असावा. त्याच क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टीची निगा राखायला बाळू पालवणकर होते, चांभार समाजातले, डावखुरे फिरकी गोलंदाज. ग्रेग इतरांच्या आधी येऊन त्यांच्याकडून सराव करून घेई. बाद केले की दर वेळी आठ आणे देई, असे सांगतात. हिशेब करा: आठ वेळा बाद केले की महिन्याचा पगार! पण नेटमध्ये बाळूंच्या हाती बॅट कोणी दिली नाही. सरावाचा धावफलक नसतो, त्यामुळे त्या २४९ मागचे बाळूंचे चेंडू कुठल्याच तक्त्यात नाहीत.

हे वाचले आणि मला आमचे सुटीच्या सकाळचे नेट आठवले. सोलापूरकडचा एक ड्रायव्हर मुलगा आम्हा साहेबलोकांना तास तास गोलंदाजी करतो. दोन वर्षांत त्याला कोणी “तू खेळतोस का?” असे विचारले नव्हते, मीही नाही. परवा विचारले. दोनदा त्रिफळा उडाला, मग लागायला लागले.

साहेबांचे सोडा, आपल्या लोकांनी काय केले? पुण्याच्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचे होते, म्हणून बाळू संघात आले. मैदानावर एकच चेंडू सगळ्यांच्या हातात फिरे. चहा मात्र त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात.

१९११ साली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला तेव्हा बाळूंनी काउंट्यांना आपला हात दाखवला. त्या दौऱ्यात ११४ बळी! लेस्टरशायर आणि सॉमरसेट हरले. हे सगळे छापील आहे. हिंदू संघाचे कर्णधारपद मात्र त्यांना मिळाले नाही. १९२३ साली ते धाकट्या भावाला, विठ्ठल यांना मिळाले, तोवर बाळूंचे खेळण्याचे दिवस सरले होते.