नाव कुठे कोरावे? परंड्याच्या तोफेपासून संकेतस्थळाच्या शीर्षपट्टीपर्यंत (धागा)

विजापूरच्या बुरुजावर आज दिसणारी मुलूखमैदान तोफ १६३२ पर्यंत परंड्याच्या किल्ल्यात होती. १५४९ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीसाठी मुहम्मद बिन हुसेन रूमी या ओतकाराने ती ओतली. तिच्यावर ओतकाराचे नाव आहे, बुऱ्हाण निजामशहाचेही आहे. १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतले आणि त्याच तोफेवर तिसरा लेख आला. तोफ तीच राहिली. नवा धनी आला की त्याने दर्शनी भागावर आपली अक्षरे घातली.

परंड्याने असे धनी बरेच पाहिले. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांकडे गेल्यावर मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तजाला याच किल्ल्यात निजामशहा म्हणून गादीवर बसवले. पुढे मोगल आले, मग हैदराबादचे निजाम. १९४८ पर्यंत या मुलखातील सरकारी कागदांचा माथा आधी फारसीत आणि १८८० च्या दशकापासून उर्दूत असे. घरात आणि बाजारात मराठी बोलणाऱ्या माणसाला कचेरीचे नाव वाचायलाही दुसऱ्याची मदत लागे. शीर्षकाची लिपी कोणती, हा प्रश्न येथे कधीच निव्वळ सजावटीचा नव्हता.

ब्रिटिश मुलखात मराठी मथळ्याचा प्रवास छापखान्यातून झाला. कॅरीने श्रीरामपूरच्या छापखान्यात १८०५ मध्ये मराठी व्याकरण देवनागरीत छापले, तर १८१० चा शब्दकोश मोडीत. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले. पुढे जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखान्यासाठी पाडलेले खिळे इतके सुबक निघाले की देवनागरी मुद्रणाचे ते मानदंड ठरले.

वृत्तपत्राचे नाव मात्र बहुधा साध्या खिळ्यांनी जुळवत नसत. त्यासाठी कलावंताकडून अक्षरे काढून घेत आणि त्यांचा ठसा, म्हणजे ब्लॉक, करून घेत. नावाखाली काय छापायचे, तेही जाणीवपूर्वक ठरवले जाई. ‘केसरी’ने जगन्नाथ पंडिताचा श्लोक घेतला. ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या ‘मूकनायक’च्या माथ्यावर डॉ. आंबेडकरांनी तुकोबांचा अभंग ठेवला. वाचक आतल्या मजकुरापर्यंत पोहोचण्याआधीच पत्राची भूमिका त्याला कळत असे. आजच्या भाषेत बोलायचे तर ही उत्तम ‘हेडर डिझाइन’ होती, आणि तिला एकही सावली किंवा चमक लागली नव्हती.

विसाव्या शतकात कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींतून अक्षरांनाच अभिनय करायला लावला. मग संगणक आला. १९८९ मध्ये कोरलड्रॉ बाजारात आले, आणि पुढे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी व कोरलड्रॉ ही जोडी तालुक्यातालुक्यांतील डीटीपीच्या दुकानांत रुळली. लग्नपत्रिका, दुकानाची पाटी आणि पुढे संकेतस्थळाची शीर्षपट्टी, सारे एकाच टेबलावर घडू लागले. ‘तीन-चार नमुने करून दाखवा’ ही गिऱ्हाईकाची सवय तेव्हापासूनची.

या सोयीची किंमत उशिरा कळली. जुन्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की मराठीऐवजी निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसे. म्हणून संकेतस्थळावरचे नाव सरसकट चित्र म्हणून चिकटवले जाई. डोळ्यांना ते मराठी दिसे, पण संगणकाच्या लेखी ते फक्त रंगीत ठिपके. शोधयंत्राला ते सापडत नसे, आणि पर्यायी मजकूर जोडलेला नसेल तर अंध वाचकाचे वाचक-सॉफ्टवेअर तेथे मुके होई.

युनिकोडने १९९१ मध्ये देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र विभाग दिला. विंडोज २००० सोबत र. कृ. जोशी यांनी आरेखित केलेला ‘मंगल’ हा फॉन्ट घरोघरी पोहोचला. तरीही चित्रांकनाची सॉफ्टवेअरे कित्येक आवृत्त्यांपर्यंत मागेच राहिली. युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठवली जाते आणि दाखवताना त्याच्या डावीकडे नेली जाते. ही उचलाउचल ज्या सॉफ्टवेअरला येत नसे, ते ‘धाराशिव’मधील वेलांटी ‘श’च्या पुढे सोडून देई, आणि वाचले जाई ‘धाराशवि’. मग डिझायनर पुन्हा जुन्या फॉन्टकडे आणि चित्राकडे वळे. त्याला दोष देणे सोपे आहे. हातातले हत्यार मात्र तेवढेच होते.

वळणाचा प्रश्न वेगळाच. मराठीचा देठाचा ‘श’ आणि पाकळीचा ‘ल’ ही रूपे राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात प्रमाण मानली, परंतु बहुतेक फॉन्ट उघडताच हिंदी वळणाची रूपे देत. पुढे ‘एक टाइप’च्या ‘मुक्त’सारखे खुले फॉन्ट आले आणि आकर्षक शीर्षक खऱ्या मजकुराच्या रूपात ठेवणे शक्य झाले.

२०२३ मध्ये उस्मानाबादचे अधिकृत नाव धाराशिव झाले. पाट्या, शिक्के, लेटरहेड आणि शीर्षपट्ट्या बदलण्याचे काम निघाले. मूळ फाइल जपलेली, शीर्षक मजकुराच्या रूपात असलेले, तर असे काम मिनिटांत होते. फक्त चित्र उरलेले असेल, तर सारी पट्टी पुन्हा रचावी लागते.

परंड्यासाठी शीर्षपट्टी करणाऱ्याला किल्ल्याच्या तटबंदीचे छायाचित्र मागे घालण्याचा मोह होणारच. काळ्या दगडांच्या सांध्यांत शिरोरेषा हरवते. अक्षरांमागे सपाट रंगाचा पट्टा दिला तरच नाव उठून दिसते. रोमन अक्षरांच्या मापाने उंची कापली, तर अनुस्वार छाटला जातो आणि ‘परंडा’चे ‘परडा’ होते. शिवाय गावाचे नाव ‘परंडा’ आणि ‘परांडा’ असे दोन्ही प्रकारे लिहिले जाते. पट्टीवर त्यांपैकी एकच बसेल. दुसरे पानाच्या मजकुरात कुठेतरी लिहून ठेवावे लागते, नाहीतर त्या नावाने शोधणाऱ्याला हे पान सापडत नाही.