१८६ मधून १०५.६ वजा करण्याआधी

कोहिनूर १८६ कॅरटचा होता आणि लंडनला पैलू पाडल्यावर १०५.६ कॅरट उरला, हे तुम्ही अनेक ठिकाणी वाचलं असेल. संशोधनाला लागायचं असेल तर इथेच थांबून विचारा: कोणता कॅरट? १८६ हा आकडा जुन्या इंग्रजी कॅरटमधला. २०० मिलिग्रॅमचा मेट्रिक कॅरट ठरला १९०७ साली. जुना कॅरट सुमारे २०५ मिलिग्रॅमचा. म्हणजे आजच्या मापात मूळ वजन साधारण १९१, आणि घट ४३ ऐवजी ४५ टक्क्यांच्या जवळ. फरक थोडा आहे, पण दोन मापांची वजाबाकी मुळात चुकीचीच.

पुढचा प्रश्न जास्त अवघड: घट म्हणजे नुकसान का?

हिऱ्यानेच हिरा कापला जातो, ही नुसती म्हण नाही. हिऱ्याची पूड तेलात कालवून फिरत्या चकतीला लावतात आणि तिच्यावर खडा दाबून धरतात. घासलेला भाग पूड होऊन जातो. खड्याच्या नैसर्गिक थरांच्या दिशेने घाव घातला तर मात्र तुकडा निघतो, आणि तो विकताही येतो.

१८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात कोहिनूर लोकांना निस्तेज वाटला. मग १८५२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या कोस्टर यांचे कारागीर बोलावले, वाफेचं इंजिन बसवलं. पहिला पैलू ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या हस्ते (उद्घाटनाची हौस तिकडेही होतीच!). ३८ दिवस काम चाललं, खर्च ८,००० पौंड. एवढं वजन घालवायला पैसे मोजले गेले.

आता जवळजवळ दोनशे वर्षं मागे, मुघल दरबारात चला. फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निए याने १६६५ मध्ये औरंगजेबाची रत्नं पाहिली. त्यातल्या सर्वांत मोठ्या हिऱ्याबद्दल तो सांगतो की व्हेनिसच्या बोर्जिओने तो ७८७.५ वरून २८० कॅरटवर आणला. मजुरी दूरच, उलट १०,००० रुपये दंड झाला. तावेर्निएचंही मत असं की याला धंदा कळत असता तर घासत बसण्याआधी मोठा तुकडा काढून घेता आला असता.

भारतीय कारागिरांना पैलू पाडता येत नव्हते, असं दुय्यम ग्रंथांत सर्रास भेटतं, आणि आधार म्हणून तावेर्निएच दिलेला असतो. तुम्ही मूळ वाचा. तो दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. इथली चकती युरोपातल्याइतकी सफाईने फिरत नाही, म्हणून चकाकी कमी. शिवाय खडा निर्मळ असेल तर वजन जाईल म्हणून त्याला जेमतेम चकतीला लावतात. डाग असेल तेव्हाच खूप पैलू पाडून तो झाकतात. पहिली गोष्ट अवजाराची, दुसरी हिशोबाची. तो हिशोबही त्यानेच दिलाय: किंमत वजनाच्या वर्गाप्रमाणे वाढते. वजन निम्मं झालं की किंमत चौथाई! अशा बाजारात हात आखडणाऱ्याला अडाणी म्हणणं मला तरी पटत नाही.

तावेर्निएवरही डोळे झाकून विसंबू नका. ७८७.५ कॅरट म्हणजे त्याच्या हिशोबाने ९०० रत्ती. त्याच पुस्तकात कोल्लूरच्या खाणीच्या प्रकरणात हा हिरा येतो, तेव्हा त्याचं कच्चं वजन ९०० कॅरट दिलंय.