बिनपगारी बाई आणि तिची झुरळं

बाळंतपणात कळा याव्यात म्हणून ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात, हे आपल्याकडे बऱ्याच घरांत माहीत असतं. पण हे हार्मोन शरीरात बनतं कुठे? ‘कुठल्या तरी ग्रंथीत’, हेच उत्तर येईल. मलाही तसंच वाटायचं. खरं तर ते बनतं मेंदूतल्या चेतापेशींमध्ये. आज हे पुस्तकात आहे, पण पटवून द्यायला एका जोडप्याची कित्येक वर्षं गेली.

बेर्टा शारर. जन्म १९०६, म्युनिक. मधमाश्यांचे अभ्यासक कार्ल फॉन फ्रिश यांच्या हाताखाली १९३० साली डॉक्टरेट. त्याआधी १९२८ मध्ये अर्न्स्ट शारर यांना एका छोट्या माशाच्या मेंदूत ग्रंथीसारखा स्राव तयार करणाऱ्या चेतापेशी दिसल्या होत्या. चेतापेशींनी निरोप पोचवायचा, हार्मोन ग्रंथींनी बनवायचं, अशी तेव्हाची समजूत. त्यामुळे फारसं कुणी मानेना. १९३४ मध्ये दोघांनी लग्न केलं आणि कामही वाटून घेतलं. कणा असलेले प्राणी त्यांचे, बिनकण्याचे बाईंचे.

दोघं ज्यू नव्हते, पण नाझी राजवट पटेना. १९३७ मध्ये देश सोडून अमेरिकेत आले. तिथे नोकरी मिळाली ती नवऱ्याला. नवरा-बायको दोघं एकाच संस्थेत नकोत, असे नियम! शिकागो, न्यूयॉर्क, क्लीव्हलँड, डेन्व्हर... गावं बदलली, बाईंना पगाराची रीतसर जागा काही मिळेना. मग प्रयोगाला प्राणी कोणता? फुकटात मिळणारं, चिवट झुरळ.

१९५२ च्या प्रयोगात त्यांनी झुरळाच्या मेंदूपासून मागच्या ग्रंथीकडे जाणारी नस कापली. स्राव मेंदूच्या बाजूला साचला, पलीकडे आटला. पाटाला बांध घातल्यावर पाणी ज्या बाजूला तुंबतं, तिकडूनच ते येत असतं ना? तसंच. माल मेंदूत बनतो आणि नसेतून पुढे जातो.

१९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन वैद्यकीय महाविद्यालयात त्या प्राध्यापक झाल्या, तेव्हा वय होतं ४८. दहा वर्षांनी अर्न्स्ट बुडून गेले. बाई थांबल्या नाहीत. १९८३ चं अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान पदक त्यांना मिळालं. १९९५ मध्ये त्या गेल्या.

सातबारा एकाच्या नावावर आणि राबणार दोघं, हे आपल्याला नवीन नाही. बेर्टाबाईंचं नाव निदान राहिलं. ज्यांचं राहिलं नाही, त्यांचा हिशेब कोण करणार?