हाताच्या टप्प्यातली शिकार

आमच्या भोरकडच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत रिव्हॉल्व्हरचे एक चामडी कव्हर होते. रिव्हॉल्व्हर आजोबांच्या पश्चात सरकारजमा झाले. कव्हर तेवढे राहिले. त्या रिव्हॉल्व्हरने आजोबांनी एक दांडगे रानडुक्कर लोळवले होते, ही गोष्ट आम्ही नातवंडे लहानपणापासून ऐकत आलो. पुढे शस्त्रांच्या इतिहासाची गोडी लागली तेव्हा या गोष्टीविषयी मला शंका येऊ लागली. रिव्हॉल्व्हर हे मुळात माणसाने माणसावर रोखण्यासाठी घडवलेले शस्त्र. ते घेऊन जनावराच्या मागे कोण जाईल, आणि कशासाठी? या शंकेपोटी जे वाचले, त्याचा हा गोषवारा.

सॅम्युएल कोल्टला फिरत्या सिलिंडरच्या पिस्तुलाचे अमेरिकन पेटंट मिळाले १८३६ साली. त्याच्या शस्त्राला खरे बळ आले ते मात्र १८४७च्या ‘वॉकर’ नमुन्यात. टेक्सासच्या सॅम्युएल वॉकर या घोडेस्वार कप्तानाच्या सूचनांवरून हे पिस्तूल घडले. सहा घरे, प्रत्येक घरात सुमारे चार ग्रॅम काळी दारू, नळी नऊ इंचांची आणि वजन दोन किलोच्या घरात. कमरेला लावणे अवघड, म्हणून ते खोगिराला अडकवत. घोडा भरधाव असताना एका हातात लगाम आणि दुसऱ्या हातात सहा बार, ही सोय एकबारी बंदुकीत नव्हती. गव्यांच्या कळपाशेजारून घोडा फेकत जवळून बार काढणाऱ्यांना हे शस्त्र आवडले ते यामुळेच.

पण बार सहा असले म्हणजे नेमही सहा लागतात असे नाही. १८७२च्या जानेवारीत रशियाच्या झारचा मुलगा अलेक्सी नेब्रास्कात गव्यांच्या शिकारीला आला. सोबत ‘बफेलो बिल’ म्हणून गाजलेला विल्यम कोडी होता. कोडीने आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे, की राजपुत्राने वीसएक फुटांवरून रिव्हॉल्व्हरचे सहाही बार काढले आणि सहाही फुकट गेले. कोडीने स्वतःचे भरलेले रिव्हॉल्व्हर पुढे केले. तेही रिकामे झाले. अखेर त्याने आपली रायफल दिली आणि गवा पडला. कोडी हा गोष्टीवेल्हाळ माणूस आणि त्या दिवसाच्या इतर हकिकती वेगळे सांगतात. तरीही त्या गोष्टीतली अडचण खरी आहे. रायफलीचा दस्ता खांद्यात रुततो, गाल त्याला टेकतो, दोन्ही हात तिला पेलतात. रिव्हॉल्व्हर लांबवलेल्या हाताच्या टोकाला लोंबत असते. त्याच्या माशीपासून मागच्या खाचेपर्यंतचे अंतर काही इंचांचे. तिथे केसभर चूक झाली तर पन्नास वारांवर ती वीतभर होते.

त्याच शतकात आपल्याकडे शिकारीतल्या आखूड शस्त्राचे काम वेगळे होते. हत्तीवरच्या हौद्यात बसून वाघ मारायला निघालेले साहेब रायफल वापरत. पण जखमी वाघ हत्तीच्या मस्तकावर चढून आला तर लांब नळी वळवायला जागा नसे. अशा वेळेसाठी जाड नळ्यांचे दुनळी ‘हौदा पिस्तूल’ हाताशी असे. पुढे चाप ओढताच घोडा चढून बार उडणारी रिव्हॉल्व्हरे आली आणि त्यांनी ही जागा घेतली. इथे नेमबाजीचा प्रश्नच नव्हता. अंतर हातभराचे होते. १८७८च्या हत्यार कायद्यानंतर हिंदी माणसाला शस्त्रासाठी परवाना काढावा लागू लागला, त्यामुळे रिव्हॉल्व्हर बाळगणे ही आपल्याकडे शिकारीपेक्षा प्रतिष्ठेची खूण ठरली. आजोबांचे रिव्हॉल्व्हर मला याच परंपरेतले वाटते.

रिव्हॉल्व्हरला शिकारीचे मुख्य शस्त्र करण्याचा ध्यास घेतला तो अमेरिकेतल्या एल्मर कीथने. १८९९ साली मिसुरीत जन्मलेला, लहानपणी हॉटेलच्या आगीत जबर होरपळलेला आणि पुढे आयडाहोच्या डोंगरात स्थिरावलेला हा गुराखी शस्त्रांवर लिहीत असे. १९२५ साली दारू वाढवून भरलेल्या काडतुसाने त्याचे पॉइंट पंचेचाळीसचे कोल्ट हातातच फुटले. त्यातून तो जे शिकला ते साधे होते. गोळी जितकी जाड, तितकी सिलिंडरच्या घरांची भिंत पातळ. म्हणून तो थोड्या बारीक, पॉइंट चव्वेचाळीसच्या ‘स्पेशल’ काडतुसाकडे वळला आणि त्यासाठी चपट्या तोंडाची, धारदार खांद्याची, सुमारे सोळा ग्रॅमची शिशाची गोळी त्याने आखली. हलकी गोळी वेगाने सोडण्यापेक्षा जड, रुंद तोंडाची गोळी खोलवर आरपार जावी, हे त्याचे म्हणणे.

१९३५ साली स्मिथ अँड वेसनने पॉइंट तीनशे सत्तावन्न ‘मॅग्नम’ काढले. शँपेनच्या मोठ्या बाटलीचे नाव काडतुसाला मिळाले ते त्यातल्या जादा भरण्यामुळे. कंपनीचा डग्लस वेसन स्वतः ते घेऊन अँटिलोप, एल्क आणि मूस मारून आला. ती शिकार आणि जाहिरात दोन्ही होती. कीथचे समाधान झाले नाही. त्याने लकडा लावला तेव्हा १९५५च्या अखेरीस पॉइंट चव्वेचाळीस मॅग्नम तयार झाले. पुढे त्याहून जबर काडतुसेही निघाली.

आकडे पाहिले तर मात्र या बळाची मर्यादा कळते. लांब नळीच्या चव्वेचाळीस मॅग्नमची गोळी सुमारे १,३०० ज्यूल ऊर्जेने निघते. हरणाच्या शिकारीला सर्रास वापरली जाणारी थर्टी-ओ-सिक्स रायफल त्याच्या तिप्पट ऊर्जा देते. आणि रिव्हॉल्व्हरचा धक्का खांद्याऐवजी मनगटावर येतो, त्यामुळे पुढच्या बाराला हात आधीच बिचकतो. म्हणून तिथले जाणते शिकारी निवड करताना सर्वात मोठे काडतूस घेत नाहीत. न बिचकता झेपेल ते घेतात. नळी सहा ते आठ इंचांची, गोळी जड आणि कठीण, घोडा आधी चढवून हलका केलेला चाप, दोन्ही हातांची पकड आणि हाताखाली झाड किंवा काठीचा टेकू. आधार देणारे बोट सिलिंडर आणि नळी यांमधल्या फटीजवळ नेऊ नये, कारण तिथून तापलेला वायू सुटतो. जनावर आडवे उभे हवे, पळते नको. पन्नास-पाऊणशे वारांपलीकडे बहुतेकांनी चाप सोडून द्यावा.

खुद्द कीथची सर्वात वादग्रस्त हकिकत या नियमाबाहेरची आहे. सोबत्याच्या रायफलीने घायाळ केलेले हरीण निसटत होते, तेव्हा आपण सुमारे ६०० वारांवरून चव्वेचाळीस मॅग्नमचे बार काढून त्याला पाडले, असे तो सांगत असे. तेवढ्या अंतरावर गोळी पोहोचायला दीड-दोन सेकंद लागतात आणि वाटेत ती दहा मीटरहून अधिक खाली येते. अनेकांनी त्याला थापाड्या म्हटले. मला त्या गोष्टीतले नेमापेक्षा हरीण अधिक आठवते. ते आधीच जखमी होते.

जर्मनीच्या संघीय शिकार कायद्याने नेमके हेच हेरले आहे. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हरने शिकारीचे जनावर मारायला तिथे मनाई आहे. सूट आहे ती बिळातल्या व सापळ्यातल्या जनावरापुरती आणि घायाळ जनावराची सुटका करणाऱ्या अखेरच्या बारासाठी. त्या बाराची ऊर्जा निदान २०० ज्यूल हवी. अमेरिकेत अनेक राज्ये किमान काडतूस वा नळीची लांबी ठरवून रिव्हॉल्व्हरने शिकार सुरू करू देतात; जर्मनीत ते शस्त्र शिकार संपवण्यापुरते. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेच्या शिकारीवर बंधने आली आणि पुढे तिचा प्रश्नच मिटला.

गेल्या वर्षी घर आवरताना आजोबांची खर्चाची वही सापडली. काडतुसांच्या हिशेबाखाली चार ओळी आहेत. हाक्यात बाराबोरीचा बार डुकराच्या मागच्या पायाला लागला. अंधार पडला म्हणून माग सोडला. सकाळी ओढ्यात सापडले, जिवंत होते. रिव्हॉल्व्हरने शेवट केला, दोन पावलांवरून.

घरातली गोष्ट खोटी नव्हती. तिच्यातली रात्र तेवढी गळली होती. आजोबांनी ती कुणाला सांगितली नाही, पण वहीतून वगळलीही नाही. चामडी कव्हर मी आता त्या वहीशेजारी ठेवले आहे.