ताऱ्याचं बारसं

भिंगारकर मंडळी, आम्ही तत्त्वज्ञानाचे. दुर्बिणीशी आमचा संबंध उशिरा आला. पण एखादी वस्तू कोणत्या प्रकारची, हे कधी ठरवायचं, हा आमच्या विषयातला जुना प्रश्न, आणि तो आम्हाला आकाशात सापडला.

सुरुवात जवळूनच करू. 22 जानेवारी 1898 ला खग्रास सूर्यग्रहण झालं. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधल्या तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला त्यासाठी जेऊरला गेले. आपल्या नगर तालुक्यातलं जेऊर नव्हे बरं का, करमाळ्याकडचं, रेल्वे लाइनवरचं! अमेरिकेतल्या लिक वेधशाळेची तुकडीही तिथेच होती. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटं. त्यातही चंद्र सूर्याला पुरता झाकतो त्या क्षणी वर्णपटातल्या काळ्या रेषा उलटून तेजस्वी होतात, आणि लगेच विझतात. याला फ्लॅश वर्णपट म्हणतात.

आता सुपरनोव्हा, म्हणजे फुटणारा तारा. 1941 मध्ये रुडॉल्फ मिन्कोव्स्की यांनी 14 सुपरनोव्हांचे वर्णपट मांडून दोन प्रकार केले: हायड्रोजनच्या रेषा नसलेले 9, ते पहिला प्रकार, असलेले 5, ते दुसरा. साधी विभागणी, पण टिकली. अडचण अशी, की तारा स्वतःच प्रकार बदलतो. 1993 च्या मार्चमध्ये एम 81 दीर्घिकेत दिसलेला 1993जे आधी हायड्रोजनवाला ठरला, आणि काही आठवड्यांत त्याच्यात हेलियमच्या रेषा ठळक झाल्या. मग त्याच्यासाठी ‘दोन-बी’ असा मधला कप्पा वापरावा लागला. पहिल्याच दिवशी शिक्का मारून मोकळे झालेल्यांची पंचाईत झाली असणार.

मग थांबावं का? आपल्याकडे बारसं बाराव्या दिवशी, घाई नको म्हणून. पण इथे थांबलं तर पुरावाच जातो. मरण्यापूर्वी ताऱ्याने भोवती वायू टाकलेला असतो. स्फोटाचा पहिला अतिनील झोत त्याला उजळवतो, वर्णपटात बारीक तेजस्वी रेषा उमटतात. मागून येणारा मलबा तो वायू गिळून टाकतो. यालाही फ्लॅश वर्णपटच म्हणतात, जेऊरचाच शब्द! 2013 च्या ऑक्टोबरात 2013एफएस या ताऱ्याचा वर्णपट स्फोटानंतर सुमारे 6 तासांनी मिळाला. त्या रेषा दोनेक दिवसांत गेल्या. त्यांच्यावरूनच कळलं, की हा वायू ताऱ्याने शेवटच्या वर्षभरात टाकलेला होता.

आमचं मत असं: लवकर नाव जरूर ठेवा, पण नावाशेजारी दिवस लिहा. ‘दुसरा प्रकार’ एवढंच म्हणणं अपुरं. ‘दुसऱ्या दिवशी पाहिला तेव्हा दुसरा प्रकार’ हे खरं विधान. तर्कशास्त्राच्या तासाला आम्ही हेच सांगत होतो, पोरं ऐकत नव्हती.

19 मे 2023 ला जपानच्या कोइची इतागाकींना एम 101 मध्ये, म्हणजे सुमारे 2 कोटी प्रकाशवर्षांवर, नवा तारा दिसला. लडाखमधल्या हानलेची हिमालयीन चंद्रा दुर्बीण आणि आयआयटी मुंबईचा सहभाग असलेली ग्रोथ-इंडिया दुर्बीण, दोन्ही तिकडे वळल्या. बारीक रेषा सुमारे आठवडाभर टिकल्या.