टेनर सॅक्सोफोनला कंठ कसा फुटला

वाद्य घडविणारा एक असतो आणि त्याला बोलते करणारा दुसराच. अडॉल्फ साक्स या बेल्जियन कारागिराने १८४६ साली पॅरिसमध्ये सॅक्सोफोनचे एकस्व मिळविले. लष्करी बँडांत हे वाद्य रुळले; परंतु आरंभीच्या जॅझमध्ये मान होता तो कॉर्नेट, क्लॅरिनेट आणि ट्राँबोन यांना. टेनर सॅक्सोफोनकडून जीभ आपटून फटफट आवाज काढण्याची गंमत तेवढी करून घेतली जाई.

न्यूयॉर्कमध्ये फ्लेचर हेंडरसनच्या वाद्यवृंदातील कोलमन हॉकिन्स हा तरुणही प्रथम असेच वाजवीत असे. १९२४ मध्ये लुई आर्मस्ट्राँग त्या वाद्यवृंदात आला. त्याची डौलदार लय आणि सलग वाक्यरचना ऐकून हॉकिन्सचे वादन हळूहळू पालटले. त्याचा स्वर भरदार व घुमारदार झाला. ११ ऑक्टोबर १९३९ रोजी त्याने 'बॉडी अँड सोल' हे गीत ध्वनिमुद्रित केले. आपला गवई मुखडा मांडून बढतीला लागतो आणि फिरून मुखड्याकडे येतो. हॉकिन्सने आरंभी मूळ चालीची ओळख दिली आणि मग तिच्या पोटातील कॉर्डच्या आधाराने जवळजवळ नवीच चाल उभारली. तीन मिनिटांची ती तबकडी लोकांनी उचलून धरली. टेनरचे स्वतंत्र आसन पक्के झाले.

परंतु गोष्ट येथे संपत नाही. त्याआधी, १९३४ मध्ये, हॉकिन्स युरोपला गेला, तेव्हा हेंडरसनने त्याच्या जागी लेस्टर यंगला आणले. यंगचा स्वर हलका, कंप अगदी थोडा. सोबत्यांना तो रुचेना. हेंडरसनच्या पत्नीने आपल्याला हॉकिन्सच्या तबकड्या ऐकविल्या, असे यंगने पुढे सांगितले आहे. काही महिन्यांतच त्याने ती नोकरी सोडली. पण आपला स्वर सोडला नाही. १९३६ मध्ये काउंट बेसीच्या साथीदारांबरोबर त्याची पहिली ध्वनिमुद्रणे झाली, आणि ज्या हलकेपणाला नावे ठेवली गेली, तोच अनेकांना हवासा वाटू लागला. पुढे सॉनी रॉलिन्सने हॉकिन्सला गुरुस्थानी मानले, तर स्टॅन गेट्झने यंगची वाट धरली.

हॉकिन्सने वाद्याला प्रतिष्ठा दिली, हे निर्विवाद. पण त्या प्रतिष्ठेचाच नियम होऊ पाहत होता. यंगने त्या दिवशी मान तुकविली असती, तर टेनरला कंठ फुटूनही भाषा एकच राहिली असती. थोर कलावंताचा खरा मान त्याच्या अनुकरणात नसतो. त्याच्यासमोर आपला स्वर जपण्यात असतो, असे आम्हांला वाटते.